चौथ्या मजल्यावरून सोडलेली टोपली

मित्रांनो, मला जग उलटं दिसतं. छपरं खाली, रस्ता वर आणि माणसं डोक्यावर चालणारी. तुम्ही हसाल, पण मला त्याची सवय आहे. उलटं दिसलं तर बिघडत नाही, वाकडं दिसलेलं मात्र मला अजिबात खपत नाही.

मी पॅरिस शहरातला एक म्हातारा कॅमेरा आहे. तुमच्या खिशात मावतो तसला नव्हे. मला उचलायला धडधाकट माणूस लागतो आणि उभं राहायला तीन पाय लागतात. माझं पोट कातड्याचं, भात्यासारखं पुढेमागे होणारं. पेटी अक्रोडाच्या लाकडाची. ती ज्या सुताराने घडवली तो भारी किरकिऱ्या होता. प्रत्येक कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघायचा, आणि केसभर फरक दिसला की स्वतःलाच शिव्या घालत सगळं सुटं करायचा. त्याची ती किरकिर माझ्या लाकडात मुरली आहे. अजूनही भिंतीवरची चौकट कलती दिसली की माझा जीव वरखाली होतो.

सुताराकडून मला आन्सेल्म कुर्तेलने घेतलं. आन्सेल्म फोटोग्राफर होता. उंच, कमी बोलणारा, आणि औषधांच्या पाण्याने बोटं कायमची काळी पडलेला. खानावळीत लोक त्याच्या शेजारी बसायला कचरत, त्याला वाटे आपल्या शांतपणाचा मान राखतात. मी त्याचा होतो आणि मला त्याचा अभिमान होता. मला उभं करताना तो प्रत्येक पाय नीट रोवायचा आणि मी सरळ झाल्याशिवाय पुढचं काही करायचा नाही.

ते दिवस पॅरिसच्या मोडतोडीचे होते. जुन्या अंधाऱ्या गल्ल्या पाडून त्या जागी रुंद, सरळसोट रस्ते काढायचे ठरलं होतं. जिकडे जावं तिकडे कुदळी, पांढरी धूळ आणि हातगाड्यांवर गाद्या लादून निघालेली बिऱ्हाडं. गल्ली पाडण्याआधी तिचा फोटो काढून ठेवायचा, असा शहराच्या कचेरीचा हुकूम होता आणि ते काम आन्सेल्मकडे होतं. आम्ही दोघं एका गल्लीत जायचो, तिचा फोटो काढायचो आणि पाठ फिरवली की तिथे कुदळी यायच्या. पुढे पुढे लोक आम्हाला बघूनच खिडक्या लावून घेऊ लागले.

माझी एक खोड तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, पुढे तिचं काम आहे. माझ्या वेळचे फोटो झटकन निघत नसत. ओल्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. तेवढ्यात समोरून घोडागाडी गेली, कुत्रं धावलं, बाई चालत गेली, तरी काचेवर त्यातलं काही येत नसे. जे हललं ते गेलं आणि जे थांबलं तेवढंच राहिलं. म्हणून माझ्या फोटोंतल्या गल्ल्या ओसाड दिसतात. त्या ओसाड मुळीच नव्हत्या. तिथे इतका कलकलाट असे की माझ्या काचा थरथरत.

असंच एकदा आम्हाला चाळणीवाल्यांच्या गल्लीत पाठवलं. उताराची, अरुंद गल्ली होती ती. एका बाजूची घरं आधीच पडली होती आणि कडेला एकच उंच घर उभं होतं. तळमजल्यावर झेली नावाच्या बाईचं इस्त्रीचं दुकान. चौथ्या मजल्यावर फिलोमेनमावशी आणि तिची सून एर्नेस्तिन. मावशीचे गुडघे गेलेले, म्हणून खिडकीबाहेर लोखंडी दांड्यावर एक कप्पी बसवून घेतलेली. रोज सकाळी दूधवालीची हाक आली की मावशी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि दूध, पाव, कांदे, जे असेल ते वर ओढून घ्यायची. त्या गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांची ही रीत होती.

एर्नेस्तिनला मी कधी पाहिलं नाही. ती खिडकीआड पलंगावर होती. तिचा नवरा, म्हणजे मावशीचा मुलगा, नव्या रस्त्यावरच्या इमारतीच्या परांचीवरून पडून गेला होता, आणि ती पोटुशी होती. शेवटचा महिना चालू होता. मध्येच रक्त जाऊ लागलं तेव्हा सुईणीने बजावलं होतं, बाळंत होईपर्यंत ही पलंगावरून हलता कामा नये. जिना उतरवलात तर दोघं जातील, बाळही आणि आईही.

मावशीने हे सगळं खिडकीतून ओरडूनच आन्सेल्मला सांगितलं, कारण खाली येणं तिला जमत नव्हतं.

"तुझा तो डबा आलाय म्हणजे आमचं घर गेलं म्हणायचं, होय ना रे?" ती वरून म्हणाली.

"जाणार मावशी, पण लगेच नाही," आन्सेल्म म्हणाला. "भाड्याची तिमाही संपेपर्यंत कुणी हात लावणार नाही. कायदाच आहे तसा."

"तोवर माझी सून मोकळी होईल. मग पाडा मेल्यांनो, हवं तर मीही दोन कुदळी मारते." आणि तिने टोपलीतून त्याच्यासाठी गरम सूप सोडलं. ते पिऊन आन्सेल्मने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच एखाद्या घराला टोपी काढून नमस्कार केला.

पण कायद्यात एक फट होती. घर कललेलं असेल, कोसळण्याचा धोका असेल, तर तिमाहीची वाट बघायची गरज नव्हती. कचेरीच्या समितीने शिक्का मारला की दुसऱ्या दिवशी माणसं बाहेर. आणि पाडकामाच्या ठेकेदाराला घाई होती. त्याचे मजूर, गाड्या, घोडे सगळे या एका घरापायी अडून बसले होते.

ठेकेदाराचा माणूस बोदुआं दुसऱ्या सकाळी आमच्याआधीच गल्लीत येऊन उभा राहिला होता. गोरागोमटा, अत्तर लावलेला, बोलायला अगदी गोड.

"अहो फोटोवाले, हे घर कललंय असं नाही वाटत तुम्हाला?"

आन्सेल्मने वर पाहिलं. "नाही बुवा. ओळंब्यात आहे. जुनं आहे, पण ताठ आहे."

"तुमच्या डोळ्यांना ताठ दिसतंय. यंत्राला कललेलं दिसू शकतं की." बोदुआंने खिशातून लाकडाची एक पाचर काढली. "ही एका पायाखाली सारली तर?"

मित्रांनो, माझं लाकूड तडकायचं बाकी राहिलं होतं! मला तिरपं उभं करून सरळ घर वाकडं दाखवायचं आणि त्या चित्रावर पलंगावरच्या बाईला जिन्यावरून खाली आणायचं, असा त्याचा बेत होता.

"समितीतले लोक इथे येऊन बघतील ना," आन्सेल्म म्हणाला.

"कशाला येतील? फोटो आल्यापासून त्यांनी चिखलात पाय घातलेला नाही. तुमचीच कृपा!" बोदुआं हसला. "आणि तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. दुपारी दुसरा फोटोवाला आणतो. तो दोन पाचरी मारेल."

आन्सेल्मने पाचर हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग खाली बसला आणि माझ्या डाव्या पायाखाली सारली.

मी कललो. आयुष्यात पहिल्यांदा कललो, आणि तेही ज्याने मला कधी केसभर तिरपं ठेवलं नाही त्या माणसाच्या हातून. मला इतकी चीड आली होती की आवाज असता तर मी गल्लीभर बोंब ठोकली असती. खिडकीतून मावशी हात हलवत होती. तिला वाटत होतं, आपलं सूप प्यायलेला माणूस आलाय.

बोदुआंने काळ्या कापडात डोकं घालून माझ्या मागच्या काचेवर पाहिलं. "वा! पडतंय की आता. हा खालचा रस्ताही तिरपा आलाय, पण गल्ली मुळात उताराचीच, कोण काय म्हणणार? शेजारी दुसरं घर नाही. झकास!"

आन्सेल्म हातगाडीवरच्या अंधाऱ्या तंबूत शिरला. तिथे तो काच औषधात ओली करायचा. ती ओली असेपर्यंतच फोटो निघायचा. सुकली की संपलं. तो काच घेऊन बाहेर आला, तिची चौकट त्याने माझ्यात बसवली, आणि नेमकी त्याच वेळी गल्लीच्या टोकाला दूधवालीची हाक आली. वरून कप्पी कुरकुरली. मावशीची टोपली झोके खात खाली येऊ लागली.

"ए म्हातारे!" बोदुआं ओरडला. "वर घे ते लटांबर!"

"असू द्या साहेब," आन्सेल्म घाईने म्हणाला. "काच सुकतेय, आता थांबता येणार नाही. आणि हललेलं काही फोटोत येत नाही, तुम्ही पाहिलंयत ना? टोपली झुलतेय. दिसणार नाही." मग मान वर करून त्याने हाक दिली, "मावशी, टोपली ओढू नका! खिडकीतून आत व्हा आणि दोरी बांधून ठेवा!"

बोदुआंने आमचे फोटो पाहिले होते. गजबजलेल्या बाजाराचा ओसाड चौक झालेला त्याला माहीत होता. त्याला ते पटलं. तेवढ्यात वरच्या अंगाने पाणक्या आपली गाडी घेऊन येताना दिसला आणि बोदुआं त्याला अडवायला छाती काढून निघाला. "थांब रे तिथेच! सरकारी काम चाललंय!"

त्याची पाठ वळली मात्र, आन्सेल्म इस्त्रीच्या दुकानाच्या दारात पोचला.

"झेलीबाई, गार झालेली एक इस्त्री त्या टोपलीत ठेवा. सगळ्यात जड असेल ती."

"ठेवते हं!" झेली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पाचर मारताना पाहिलंय मी तुला. लाज नाही वाटत? आमचं घर आडवं करायला निघालास आणि वर माझीच इस्त्री मागतोस?"

"झेलीबाई," तो अगदी हळू म्हणाला, "ती दोरी थांबली पाहिजे."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे. झेलीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग माझ्या वाकड्या पायांकडे. ती आत गेली, इस्त्री आणली आणि टोपलीत ठेवली. दोरी ताणली गेली.

आणि तेव्हा मला कळलं. घर कुणाही फोटोवाल्याला वाकडं दाखवता येतं, मित्रांनो. पण ओझं लावून सोडलेली दोरी कुणाच्या सांगण्याने तिरपी लटकत नाही, ती सरळ खालीच जाते. मी कललो तर काचेवर घर कलेल, आणि दोरीही तितकीच कलेल. घर खरोखर कललेलं असतं तर ते दोरीपासून फटकून दिसलं असतं. आन्सेल्म बोदुआंच्या खोट्याचा फोटो काढता काढता त्याच काचेवर त्याविरुद्धचा साक्षीदार उभा करू पाहत होता. मघाशी मी मनात त्याला जे जे म्हणालो होतो ते सगळं गिळलं.

पण दोरी अजून झुलत होती. झोका लहान झाला होता, थांबला नव्हता. झुलती दोरी काचेवर येणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? काच सुकत चालली होती. बोदुआं पाणक्याशी हुज्जत घालत होता, कुठल्याही क्षणी वळला असता. आन्सेल्म माझ्या तोंडावरच्या झाकणावर हात ठेवून दोरीकडे बघत उभा होता. पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागेतून वारा आला आणि टोपली पुन्हा हलली. झेली पुढे झाली, दोन्ही हातांनी टोपली धरली, हळूच सोडली आणि पदराआड हात लपवावेत तसे हात एप्रनमध्ये घालून दारात मागे सरकली. वारा पडला. दोरी थांबली.

आन्सेल्मने झाकण काढलं.

मी इतका निश्चल कधीच राहिलो नाही. घर आत आलं, खिडक्या आल्या, दोरी आली. मी मनात एकच धोशा लावला होता, हलू नकोस गं, हलू नकोस. बोदुआं परत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला तेव्हा झाकण परत बसलं होतं.

दोन दिवसांनी कागदावर उतरवलेला फोटो त्याच्या हातात पडला. तो बघताना आन्सेल्म उगाच माझं पितळ पुसत बसला. बोदुआंचं बोट घरावरून फिरत टोपलीवर येऊन थांबलं.

"ही आली की हो!"

"आली खरी," आन्सेल्म मान वर न करता म्हणाला. "थांबली असेल मध्येच."

बोदुआंने फोटो लांब धरला, जवळ घेतला. मग तो हसला. "असू दे. दरिद्री टोपली दिसली की घर आणखीच मोडकं वाटतं."

समितीची बैठक त्याच आठवड्यात भरली. बोदुआंने मलाही तिथे नेऊन उभं केलं, लोकांवर छाप पडावी म्हणून. मोठं टेबल, त्यामागे पाच-सहा टोप्या, आणि मधोमध तपकीर ओढणारे एक वयस्क इंजिनिअर, ते अध्यक्ष. एकामागून एक फोटो पुढे यायचे, शिक्का पडायचा. कुणी मान वर करून बघत नव्हतं. झेली आणि आणखी कुणीकुणी मिळून फिलोमेनमावशीला खुर्चीत बसवून आणलं होतं.

"आणि हे घर," बोदुआंने फोटो ठेवला, "कुठल्याही घटकेला कोसळेल. माझं म्हणणं राहू द्या. हे यंत्र बघा. याला पोट नाही, भीती नाही, सोयरेधायरे नाहीत. हे खोटं बोलत नाही."

"अहो मग या की बघायला!" मावशी ओरडली. "तुमचा तो कागद राहू द्या, माझं घर बघा! माझी सून पलंगावर पडलीय. हलवलीत तर मरेल ती!" मग तिची नजर आन्सेल्मवर गेली. "आणि तू! माझं सूप प्यायलास रे. ते तरी आठवायचंस."

अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. मला वाटलं, संपलं. बोल ना रे, आता नाही तर कधी बोलशील?

"एक विचारू का?" आन्सेल्म शेवटी म्हणाला. "बोदुआं साहेब, या फोटोतलं सगळं खरं आहे ना? कागदावर आलंय ते सगळं?"

"अर्थातच! ठिपकान् ठिपका खरा."

"टोपलीसुद्धा?"

"टोपलीसुद्धा," बोदुआं हसून म्हणाला.

"मग अध्यक्षसाहेब, कृपा करून टोपलीची दोरी बघा. भरलेली टोपली आहे ती. आणि घराइतकीच तिरपी लटकलीय."

खोलीत कुणी हसलं. मग हसू थांबलं. अध्यक्षांनी शिक्का खाली ठेवला. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, साखळीला धरून टेबलावर लोंबतं सोडलं आणि ते स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग दुसऱ्या हाताने फोटो उचलून साखळीच्या मागे धरला आणि हळूहळू फिरवू लागले. फोटोतली दोरी साखळीशी जुळली. आणि चाळणीवाल्यांच्या गल्लीतलं ते घर, मित्रांनो, सगळ्या समितीच्या डोळ्यांदेखत ताठ उभं राहिलं.

"घर सरळ आहे," अध्यक्ष म्हणाले. "वाकडा कॅमेरा होता." मग त्यांनी बोदुआंकडे पाहिलं. "की कॅमेऱ्यामागचा माणूस?"

बोदुआं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. तिमाही संपेपर्यंत घराला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. मावशी रडत होती आणि रडता रडता आन्सेल्मला शिव्या देत होती, आधी का नाही सांगितलंस म्हणून. तो टोपी हातात चुरगाळत उभा होता.

एर्नेस्तिनला मुलगी झाली, तिच्याच पलंगावर. दोघी सुखरूप. झेलीने टोपलीत दुपटी घालून वर पाठवली, आणि मावशीने बाळाचा आवाज आम्हाला ऐकू यावा म्हणून खिडकी सताड उघडली. तिमाही संपली तेव्हा त्या तिघी सामान घेऊन शहराबाहेर राहायला गेल्या. घर पाडलंच. आज तिथे रुंद, सरळ रस्ता आहे. त्यावर घरं सुंदर आहेत, मला नावं ठेवायची नाहीत.

आन्सेल्मला मात्र कचेरीने पुन्हा काम दिलं नाही. आम्ही जत्रांमधून नवराबायकोचे, शिपायांचे, गुटगुटीत पोरांचे फोटो काढत फिरलो. त्याला त्याची खंत नव्हती. पुढे हलके, चपळ कॅमेरे आले. आन्सेल्म गेल्यावर मी माळ्यावर पडलो. भात्याला उंदरांनी भोकं पाडली आणि आत पहिल्यांदा उजेड शिरला, तेव्हा मला नागवं झाल्यासारखं वाटलं. आमच्या काचा कुणीतरी धुऊन काढल्या आणि बागेतल्या रोपांच्या खोपीला छप्पर म्हणून बसवल्या. गल्ल्याच्या गल्ल्या पाण्याबरोबर वाहून गेल्या. त्या दिवसांचा कागदावरचा एकच फोटो वाचला.

तो आता माझ्यासमोर आहे. एका लहानशा संग्रहालयात मला पुसूनपासून ठेवलंय आणि समोरच्या भिंतीवर चाळणीवाल्यांच्या गल्लीतलं ते घर टांगलंय. रोज सकाळी झाडणारी बाई येते आणि चौकट नीट सरळ करते. चौकट सरळ झाली की घर कलतं. खाली पाटी आहे: 'मोडकळीला आलेलं घर'. लोक येतात, पाटी वाचतात, "बरं झालं पाडलं," म्हणतात आणि पुढे जातात. त्यांच्या पाठीकडे बघत राहण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

मित्रांनो, माझं भिंग पुसलं नाहीत तरी चालेल, भात्याची भोकं बुजवली नाहीत तरी चालेल. पण कुठलंही चित्र खरं मानण्याआधी त्यात एखादी दोरी शोधा, जिला खोटं लटकता येत नाही. आणि कधी इकडे आलात तर त्या फोटोसमोर थोडी मान कलती करा. घर सरळ उभं राहील. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडी आहे, आत काळोख दिसतो. त्या काळोखात एर्नेस्तिन निजली आहे. तिला उठवू नका.